भाडेपावतीवर उभे असलेले शहर

मुंबईत ह्यूज रोड जेथे संपतो आणि पेडर रोडचा चढ जेथे सुरू होतो, त्या नाक्याला केम्प्स कॉर्नर म्हणतात. १९६५ साली तेथे शहरातील पहिला उड्डाणपूल उभा राहिला, भोवतालच्या रस्त्यांना नवी नावे मिळाली, टेकडीवरचे बंगले जाऊन मनोरे आले; तरीही टॅक्सीवाल्यापासून महापालिकेच्या अधिकाऱ्यापर्यंत सर्वांच्या तोंडी ते नाव आजही आहे, आणि केम्प हा कोणी गव्हर्नर किंवा सेनापती असावा अशी ज्यांची समजूत आहे, त्यांना हे ऐकून किंचित अपेक्षाभंगच होतो की या नाक्यावर केम्प आणि कंपनीचे औषधांचे दुकान होते, एवढाच त्या नावाचा इतिहास आहे. गव्हर्नरांची नावे महापालिकेने ठराव करून पुसली. औषधाच्या दुकानाचे नाव मुळात कोणी ठरावाने दिलेलेच नव्हते, त्यामुळे त्याच्या वाट्याला कोणी गेले नाही.

आपल्या गावातील नाहीशी झालेली दुकाने, उपाहारगृहे आणि मोटारींच्या पेढ्या आठवत बसणे हा उतारवयातील एक निरुपद्रवी विरंगुळा समजला जातो, आणि गिरगावात वाढलेल्या आम्हां लोकांना तर तो जरा अधिकच जडलेला आहे. चार समवयस्क एकत्र जमले की एकजण नाव काढतो, दुसरा तेथल्या वेटरचे वर्णन करतो, तिसरा चहाचा त्या वेळचा भाव सांगतो, आणि अखेरीस सर्वानुमते असा निर्णय होतो की पूर्वीचे दुकानदार दिलदार होते, हल्लीचे लोभी आहेत, आणि जे काही शिल्लक होते ते मॉलने गिळले. वर्णनांबद्दल माझी तक्रार नाही. ती बहुधा खरी असतात. निर्णयाबद्दल मात्र मला नेहमीच संशय वाटत आला आहे. ज्या निवांतपणाची आपण एवढ्या हळवेपणाने आठवण काढतो, त्याची किंमत त्या वेळीही कोणीतरी मोजीत होते. ती आपल्या खिशातून जात नव्हती, म्हणून ती आपल्या ध्यानात आली नाही.

इराण्याचे हॉटेल घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी यझ्द आणि केरमान या भागांतून जरथुष्ट्री मंडळी आणि त्यांच्या जोडीने काही इराणी मुसलमानही मुंबईत येऊन स्थायिक झाले, आणि रस्त्यांच्या कोपऱ्यांवरचे गाळे त्यांनी भराभर घेतले. कोपऱ्याची जागा धंद्याला अशुभ, अशी हिंदू व्यापाऱ्यांची समजूत असल्यामुळे ते गाळे त्यांना स्वस्तात मिळाले, असे परंपरेने सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, दोन रस्त्यांवर उघडणारी दारे हे इराण्याच्या हॉटेलचे लक्षण ठरून गेले. धोबी तलावाजवळचे कयानी १९०४ चे, सॅसॅनियन १९१३ चे, ग्रँट रोड स्थानकासमोरचे मेरवान १९१४ चे. संगमरवरी टेबले, वाफेने वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीभर आरसे, जाळीच्या कपाटांत मावा केक आणि खारी, आणि गल्ल्यावर बसलेला मालक, ज्याच्या पाठीमागच्या फळ्यांवर साबण, दंतमंजन, आगपेट्या आणि ब्लेडची पाकिटेही विक्रीला असत. भिंतीवर सूचनांची पाटी असे. धोबी तलावच्या बस्तानीतील अशा पाटीवरून निस्सीम एझिकेल यांनी इंग्रजीत एक कविताच रचली, आणि २००४ मध्ये बस्तानी बंद झाल्यावर ती पाटी त्या कवितेच्या रूपानेच काय ती उरली.

या हॉटेलांचे सामाजिक महत्त्व केवळ ब्रून मस्क्यावर किंवा 'पानी कम' चहावर अवलंबून नव्हते. ज्या काळी गिरगावातील खानावळींत जातीनिहाय पंक्ती बसत आणि पाट्यांवर ज्ञातीचा उल्लेख असे, त्या काळी इराण्याच्या टेबलाशी कोणीही येऊन बसावे आणि समोरच्याने त्याची जात विचारू नये, हा संकेत कोणत्याही सुधारकाच्या व्याख्यानाशिवाय रूढ झाला. आमच्या वाडीतील कित्येक सोवळ्या घरांतील मुलांचे पहिले ऑम्लेट इराण्याकडेच झाले, आणि त्या मुलांचे वडीलही त्याच सुमारास दुसऱ्या एखाद्या इराण्याकडे त्याच कार्यात गुंतलेले असत, हे पुढे पुष्कळ वर्षांनी उघडकीस आले. एका सिंगल चहावर तासभर वर्तमानपत्र वाचता येई; लेखकू, मुद्रितशोधक, नाटकमंडळ्यांतील नट, घोड्यांच्या शर्यतींचे जाणकार आणि बेकार पदवीधर यांचे ते बिनभाड्याचे दप्तर होते.

बिनभाड्याचे, हे आपल्या दृष्टीने. मालकाच्या दृष्टीने काय, हे समजण्यासाठी एका कायद्याकडे वळावे लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसांचा लोंढा आला, जागांची टंचाई झाली आणि भाडी भडकू लागली, तेव्हा प्रथम तात्पुरते हुकूम निघाले आणि मग १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी ज्या जागेचे जे भाडे होते, तेच सामान्यतः तिचे प्रमाणभूत भाडे ठरविण्यात आले. कायदा मुदतीचा होता. परंतु मुदत संपत आली की ती वाढवून दिली जाई, आणि अशा रीतीने युद्धकाळातील एक दिवस अर्ध्या शतकापर्यंत लांबला. भाववाढीबरोबर चहाची किंमत चढत गेली, पावाची चढत गेली, नोकरांचे पगार चढत गेले; जागेचे भाडे तेवढे स्थिर राहिले. फोर्टात किंवा ग्रँट रोडला मोक्याच्या कोपऱ्यावरची प्रशस्त जागा महिन्याला किरकोळ रकमेत वापरावयास मिळत असल्यावर, एका गिऱ्हाइकाने एक टेबल तासभर अडवले म्हणून इराण्याचे काय बिघडत होते? त्याचा दिलदारपणा खोटा होता, असे मी म्हणत नाही. पण तो दिलदारपणा घरमालकाच्या खर्चाने चालला होता.

घरमालकानेही आपला मार्ग शोधून काढला. कायद्याने बंदी असलेली पागडी सर्वांच्या डोळ्यांदेखत घेतली आणि दिली जात होती. गाळा दुसऱ्याकडे जावयाचा झाला की नवा भाडेकरू जुन्याला मोठी रक्कम देई, तीतील ठरावीक हिस्सा, प्रघाताप्रमाणे बहुधा एक तृतीयांश, घरमालकाकडे जाई, आणि पावती नव्या नावावर फिरे. भाडेपावती हा चिठोरा असला तरी तो मिळकतीचाच दस्तऐवज होऊन बसला. घरमालकाला इमारतीतून काही सुटत नव्हते, म्हणून तो डागडुजी करीत नसे. इमला खचत गेला, सज्जे टेकूंवर आले, आणि ज्या जुनेपणाला आपण 'वातावरण' म्हणत होतो, त्यातला बराचसा भाग निव्वळ दुरुस्तीच्या अभावाचा होता. अखेर १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याची तरतूद कालांतराने अन्यायकारक झाल्याचा निर्वाळा दिला, त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून तो अंमलात आला. त्याने भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, पागडीला राजमान्यता दिली, आणि आणखी एक गोष्ट केली, जिच्याकडे सामान्य वाचकाचे लक्ष गेले नाही. ती पुढे मोटारींच्या प्रकरणात येईल.

ज्या उपाहारगृहांना या कायद्याचा भक्कम आधार नव्हता, ज्यांची जागा मुदतीच्या कराराने मिळालेली होती, ती कशी गेली हे पाहिले की माझा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. मलबार हिलवर, फिरोजशहा मेहता उद्यानाशेजारी, कॅफे नाझ नावाचे गच्च्यागच्च्यांचे उपाहारगृह होते. चौपाटीपासून नरिमन पॉइंटपर्यंतचा सारा अर्धचंद्र तेथून दिसे, आणि चित्रपटवाल्यांना तसेच प्रेमिकांना ती जागा सारखीच उपयोगी पडे. जमीन महापालिकेची होती. भाडेपट्ट्याचे नूतनीकरण झाले नाही आणि १९९९ मध्ये नाझ बंद पडले. जहांगीर कलादालनाच्या मागच्या चिंचोळ्या ओवरीत उषा खन्ना यांनी १९६४ साली सुरू केलेले समोवार कलादालनाशी चाललेल्या प्रदीर्घ वादानंतर मार्च २०१५ च्या अखेरीस उठले. तेथील गिऱ्हाइके कमी झाली नव्हती. शेवटच्या दिवसांत तर पुऱ्या शहराने रांग लावली होती. जवळच काळा घोडा येथे वेसाइड इन होते, जेथे बसून अरुण कोलटकर समोरच्या तिकोनी चौकाकडे वर्षानुवर्षे पाहत राहिले आणि ज्याचे फळ २००४ च्या त्यांच्या इंग्रजी काव्यसंग्रहात दिसते. डॉ. आंबेडकर तेथे बसून काम करीत, अशीही आख्यायिका आहे. तेही गेले.

आता मोटारी. हा भाग मराठी स्मरणलेखनात फारसा येत नाही, कारण मराठी लेखक बहुधा ट्रामने आणि पुढे बसने हिंडले. मोटारीच्या पेढीशी त्यांचा संबंध काचेच्या अलीकडून आला. मुंबईच्या रस्त्यावर पहिल्या मोटारी १८९८ मध्ये आल्या आणि त्यांच्या पहिल्या मालकांत जमशेटजी टाटा होते. पुढे फोर्डने १९२६ मध्ये येथे आपली कंपनी स्थापली, आणि १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला कारखाना काढला, जेथे परदेशांतून पेट्यांत भरून आलेले सुटे भाग जोडून शेव्हरोलेट गाड्या बाहेर पडत. या गाड्या विकणाऱ्या एजंटांची दालने ऑपेरा हाउस, ह्यूज रोड, न्यू क्वीन्स रोड आणि लॅमिंग्टन रोड या परिसरात एकवटली, कारण विकत घेणारे मलबार हिलवर राहत आणि दुरुस्ती करणारे खालच्या गल्ल्यांत. भल्यामोठ्या काचा, गुळगुळीत फरशी, मधोमध एकच गाडी आणि तिच्याभोवती अदबीने वावरणारा सूटबुटातील विक्रेता. गिरगावातील मुले संध्याकाळी चौपाटीवर जाताना वाट वाकडी करून त्या काचांना नाक लावून उभी राहत, आणि दरवान त्यांना हाकलीत असे, तेही फार मनावर घेऊन नव्हे.

या पेढ्यांचा पहिला संहार मॉलने केला नाही, सरकारी धोरणाने केला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने अशी शिफारस केली की केवळ सुटे भाग जोडणाऱ्या कंपन्यांना वाव देऊ नये, देशातच उत्पादन करण्याची योजना ज्यांच्यापाशी असेल त्यांनाच परवानगी असावी. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला, आणि त्यांच्या एजंटांच्या दालनांवरील नावे एकामागून एक उतरली. उरले ते मुख्यतः कलकत्त्याचे हिंदुस्थान मोटर्स, मद्रासचे स्टँडर्ड आणि मुंबईचे प्रीमियर ऑटोमोबाइल्स. प्रीमियरची कथा आपल्याला जवळची, कारण सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी ती कंपनी १९४४ साली स्थापली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या साहाय्याने त्यांनी हा मनसुबा त्यापूर्वीच रचला होता, पण युद्धकाळात इंग्रज सरकारने त्याला वाट मिळू दिली नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिल्या गाड्या निघाल्या, त्या क्रायस्लरच्या जातीच्या. फिएट पुढच्या दशकात आली आणि मुंबईचीच होऊन बसली.

त्यानंतरची तीस वर्षे मोटारीचा विक्रेता हा विक्रेता राहिलाच नाही. उत्पादन थोडे, मागणी अफाट, किंमत सरकारने ठरविलेली. १९५९ च्या एका आदेशान्वये नोंदणीच्या क्रमाने वाटप करणे त्याला बंधनकारक झाले. इच्छुकाने अर्ज भरावा, पोस्टाच्या बचतखात्यात अनामत ठेवून ते पुस्तक विक्रेत्याकडे तारण द्यावे, आणि मग वाट पाहावी. किती, याचे उत्तर विक्रेत्यापाशीही नसे. सरकारी अधिकाऱ्यांसाठी राखीव हिस्सा असे, परकीय चलन आणणाऱ्यास आधी गाडी मिळे, आणि मिळालेली गाडी दोन वर्षांच्या आत विकण्यास मनाई असे, कारण वापरलेली फिएट कोऱ्या फिएटपेक्षा महाग जाई. मुलाच्या मुंजीत नोंदविलेली गाडी त्याच्या लग्नात आली, हा त्या काळचा ठरलेला विनोद होता. पेढीवर जाऊन 'आमचा नंबर कुठवर आला?' अशी चौकशी करणाऱ्या गृहस्थाचा स्वर, आणि वहीवरून नजर न उचलता दिले जाणारे उत्तर, यांत मामलेदार कचेरी आणि मोटारींचे दालन यांच्यातला भेद पार नाहीसा होई. आज त्या पेढ्यांची आठवण काढताना माझी पिढी जिव्हाळ्याचा उल्लेख करते; तो जिव्हाळा गिऱ्हाइकाच्या बाजूने होता आणि त्यात पुष्कळशी अजिजी होती.

१९८३ च्या डिसेंबरात मारुतीची पहिली गाडी दिल्लीला ग्राहकाच्या हाती पडली, १९९३ मध्ये मोटारींच्या उत्पादनावरील परवान्याचे बंधन गेले, आणि वाट पाहण्याची वही निरुपयोगी झाली. नव्या कंपन्यांना एका गाडीचे दालन नको होते. विक्री, दुरुस्ती आणि सुटे भाग एकाच छपराखाली असावेत, असा त्यांचा आग्रह होता, आणि एवढी जागा दक्षिण मुंबईत कोठून मिळणार? वर ज्या तरतुदीचा उल्लेख केला, ती येथे लागू पडली. एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्यांना, तसेच बँका आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांना, १९९९ च्या कायद्याने भाडेसंरक्षणातून वगळले. ज्यांचा मोठेपणा हा त्यांच्या प्रतिष्ठेचा आधार होता, तेच आता जुन्या भाड्यावर बसू शकत नव्हते. ऑपेरा हाउसच्या परिसरावर दरम्यान हिऱ्यांचे व्यापारी आले, आणि २०१० मध्ये हिरेबाजार वांद्रे-कुर्ला संकुलात गेल्यावर त्यांच्यातलेही पुष्कळ निघून गेले. सुट्या भागांची लहान दुकाने मात्र त्या गल्ल्यांत अजून आहेत. त्यांचे भागभांडवल कोटीच्या आसपासही नव्हते. कुर्ल्याचा कारखाना गेला, प्रीमियर रोड हे रस्त्याचे नाव राहिले, आणि प्रीमियरच्याच पद्मिनी टॅक्सीची नोंदणीची मुदत ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला एखाद्या लोकनेत्याला द्यावा तसा निरोप दिला.

गिरणगावातल्या खानावळींना असा निरोप कोणी दिला नाही. त्यांना पाटीच नव्हती. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार गावी बायकामुले ठेवून एकेका खोलीत पाळ्यापाळ्यांनी राहत, आणि त्यांच्या जेवणाची सोय शेजारच्या चाळीतील बाई महिन्याच्या बोलीने करी. मालवणच्यांसाठी मालवणी हात, साताऱ्याकडच्यांसाठी भाकरी आणि झणझणीत कालवण. पगाराच्या दिवशी हिशेब चुकता व्हावयाचा, तोवर वाणी उधारी देई आणि सावकार व्याज घेई. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि या बायकांना बँकांचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा त्या धंदा करतात हे प्रथमच कागदावर आले. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, पगार थांबला, जेवणारे गावी परतले. खानावळवालीपाशी ना पागडी होती, ना विकण्याजोगी भाडेपावती. चूल तेवढी होती. गेलेल्या दुकानांच्या यादीत हे नुकसान सर्वांत मोठे आहे, असे मला वाटते, आणि आमच्या गप्पांत ते सहसा येत नाही, कारण गप्पा मारणारे तेथे जेवलेले नसतात.

पुस्तकांच्या आणि ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून मी थोडक्यात आवरतो. शानभागांचे स्ट्रँड २०१८ च्या फेब्रुवारीत बंद झाले, काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस त्याआधी दोन वर्षे. ही दोन दुकाने भाड्यामुळे गेली, असे म्हणता येणार नाही. माणसे वाचण्याचे आणि ऐकण्याचे साहित्य अन्यत्र घेऊ लागली. ऱ्हिदम हाउसची वास्तू पुढे नीरव मोदी प्रकरणात जप्त झाली, हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर समीक्षकांनी त्याला अतिरंजित म्हटले असते. व्हाइटअवे लेडलॉ या विलायती कापडचोपडाच्या प्रचंड दुकानाच्या इमारतीत १९४६ मध्ये खादी भांडार आले, हा दुसरा तसलाच.

ज्यांना हा विरंगुळा थोड्या गांभीर्याने करावयाचा आहे, त्यांच्यासाठी साधने आहेत, आणि ती स्मृतीपेक्षा विश्वसनीय आहेत. १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्यान्वये प्रत्येक दुकानाला गुमास्ता परवाना घ्यावा लागे; त्याच्या नोंदवह्यांत दुकानाचे नाव, मालक, पत्ता आणि नोकरांची संख्या यांचा तपशील असे. जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या आहेत, दिवाळी अंकांतल्या जाहिराती आहेत. पण सर्वांत समृद्ध साधन धोबी तलावला, कयानीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, लघुवाद न्यायालयात आहे. घरमालक आणि भाडेकरू यांचे दावे तेथेच चालत आले. भाडेकरू निघत नाही म्हणून दावा झाला की गाळ्याचा नकाशा, भाडेपावत्या, भागीदारीचा करारनामा, फेरफार केलेल्या भिंतींची तक्रार आणि कधी कधी वेटरची जबानीही दप्तरात जमा होई. एखाद्या इराण्याचे स्वयंपाकघर किती फूट रुंद होते आणि फॅमिली रूमचा पडदा कोणत्या साली काढून तेथे लाकडी आडोसा घातला, हे तेथल्या एखाद्या जबानीत मिळाले तर मला नवल वाटणार नाही. मात्र निकाली निघालेल्या दाव्यांचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्याची न्यायालयांची वहिवाट आहे, तेव्हा ज्याला अर्ज करावयाचा असेल त्याने तो लवकर करावा.